आठ महिन्यांच्या वापरानंतर: मोतीबिंदूसाठी थेंब, जेली, सब-टेनन की सुईचा ब्लॉक?

‘इंजेक्शन नाही, टाका नाही, पट्टी नाही’ ही पाटी ठाणे स्टेशनपासून वाशीपर्यंत जागोजागी दिसते. बऱ्याच रुग्णांच्या बाबतीत ती खरीही असते. प्रश्न उरलेल्यांचा आहे. एकाच ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) फेकोचे, म्हणजे छोट्या छेदातून ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून काढण्याचे, नेहमीचे रुग्ण आणि मुरबाड-शहापूरच्या शिबिरांतून आलेले पिकलेले मोतीबिंदू अशा दोन्हींसाठी भुलेचे हे चारही प्रकार आठ महिने वापरून झाले. त्यावरून बनलेलं मत असं: थेंबांनी भागत असेल तिथे थेंबच, आणि जिथे भागत नाही तिथे सुईच्या ब्लॉकआधी (डोळ्याभोवती औषध टोचून तो बधिर आणि स्थिर करणं) सब-टेननचा (बोथट नळीने डोळ्याच्या वेष्टनाखाली औषध सोडणं) विचार व्हायला हवा. आपल्याकडे नेमकी हीच मधली पायरी गाळली जाते.

थेंब म्हणजे प्रोपॅराकेन ०.५ टक्के. अर्ध्या मिनिटाच्या आत डोळा बधिर होतो आणि परिणाम साधारण पंधरा-वीस मिनिटं टिकतो. २.२ ते २.८ मिमीच्या छेदातून होणाऱ्या सरळ फेकोला एवढं पुरतं. पण थेंबांनी फक्त डोळ्याचा पृष्ठभाग बधिर होतो. आत पाण्याचा दाब चढला-उतरला की बुबुळाचा पडदा ताणला जातो आणि रुग्ण म्हणतो, “आत काहीतरी ओढल्यासारखं वाटतंय.” त्यावर उपाय म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं १ टक्का लिग्नोकेन हे भुलेचं औषध, अर्ध्या मिलीपर्यंत, थेट डोळ्याच्या पुढच्या पोकळीत. क्षणभर चुरचुरतं, मग शांत. इथे चूक परवडत नाही. ब्लॉकसाठी वापरतात त्या मोठ्या व्हायलमध्ये मिथाइलपॅराबेन हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं आणि ते डोळ्याच्या आत गेलं तर कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या) आतल्या पेशींना इजा होते. म्हणून आत सोडायचं औषध आणि ब्लॉकचं औषध एका ट्रेमध्ये ठेवूच नये. सिरिंज भरल्याबरोबर तिच्यावर लेबल लागलं पाहिजे, नंतर नाही. भिंगाचं मागचं आवरण (कॅप्सूल) फाटलेलं असेल तर हे औषध आत सोडू नये, कारण ते मागे दृष्टिपटलापर्यंत (रेटिनापर्यंत) पोहोचलं की काही काळ दिसेनासं होऊ शकतं.

थेंबांची दुसरी अडचण म्हणजे अति वापर. दुखतंय म्हणाले की आणखी एक थेंब, असं करत राहिलं की कॉर्नियाची वरची त्वचा धुरकट होते आणि सर्जनलाच नीट दिसेनासं होतं. बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची. पावसाळ्यात वीज जाऊन फ्रिज तासन्‌तास बंद राहिला, तर बाटली आधी उजेडात धरून पाहावी. द्रव पिवळसर-तपकिरी दिसला तर सरळ फेकून द्यावी. आणि हे थेंब रुग्णाला घरी कधीही देऊ नयेत.

२ टक्के लिग्नोकेन जेलीचा परिणाम थेंबांपेक्षा जास्त टिकतो आणि कॉर्नियाही ओला राहतो. मात्र क्रम चुकला तर ती घातक ठरते. जेलीचा थर आधी बसला की बीटाडीन डोळ्याच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही आणि जंतुसंसर्गाची भीती वाढते. म्हणून आधी प्रोपॅराकेनचा थेंब, मग ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन (म्हणजेच बीटाडीन) आणि पूर्ण तीन मिनिटं थांबणं, जेली त्यानंतर. ही तीन मिनिटं घड्याळ लावून मोजावीत. घाईच्या दिवशी सगळ्यात आधी कात्री त्यांनाच लागते.

थेंब असोत की जेली, डोळा हलता राहतो. ‘काका, दिव्याकडे बघा’ हे ऐकू येणं, समजणं आणि जमणं, तिन्ही लागतं. कमी ऐकू येणारे, स्मृतिभ्रंश झालेले, मान थरथरणारे किंवा खूप घाबरलेले रुग्ण इथे अडकतात. तपासणीच्या दिवशीच कळतं: डोळ्याचा दाब मोजताना जे हनुवटी मागे ओढतात आणि पापण्या घट्ट मिटतात, ते टेबलावरही तेच करणार. खोकला मात्र वेगळी गोष्ट आहे. तो कुठल्याच ब्लॉकने थांबत नाही. आधी छाती बरी करावी.

आता सब-टेनन. ही पद्धत १९९२ पासून रूढ झाली. थेंब आणि पोव्हिडोननंतर स्पेक्युलम (पापण्या उघड्या ठेवणारं साधन) लावायचं आणि रुग्णाला वर व बाहेरच्या बाजूला बघायला सांगायचं. खालच्या-नाकाकडच्या भागात, कॉर्नियाच्या कडेपासून साधारण ५ मिमीवर, पांढऱ्यावरचा पातळ पडदा आणि त्याखालचा टेननचा थर दात नसलेल्या चिमट्याने उचलून छोटी कात्री मारायची. खाली स्वच्छ पांढरं स्क्लेरा (डोळ्याची पांढरी भिंत) दिसलंच पाहिजे. टेननचा थर अर्धवट राहिला की औषध वरच्या वर फुगतं आणि डोळाभर फोड येतो. मग १९ गेजची, २५ मिमीची वाकडी, बोथट कॅन्युला (नळी) डोळ्याच्या गोलाईला चिकटून मागे सरकवायची आणि ३ ते ४ मिली औषध हळू सोडायचं. अडलं तर जोर लावू नये. थोडं औषध सोडून वाट मोकळी करून पुढे जावं. छिद्र मोठं झालं की औषध उलटं बाहेर येतं, म्हणून कात्रीचा घाव कॅन्युलाला पुरेल एवढाच ठेवावा.

टोकदार सुई मागे जातच नसल्याने डोळ्याला भोक पडण्याची भीती फार कमी होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांसाठीही सुईपेक्षा ही वाट बरी. त्या गोळ्या रुग्णाने परस्पर बंद करू नयेत. उणी बाजूही आहे: डोळा लालभडक दिसतो, नातेवाईक हादरतात. आठवडा-दोन आठवड्यांत तो डाग जातो हे आधीच सांगून ठेवावं. पापण्यांची हालचाल बऱ्याचदा थोडी शिल्लक राहते. दृष्टिपटल सुटल्यावर डोळ्याभोवती बकल (पट्टा) बसवलेलं असेल किंवा काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर मात्र ही पद्धत टाळावी.

सुईचा पेरिबल्बर (डोळ्याभोवतीचा) ब्लॉक निरुपयोगी नाही. वीटभट्टीच्या विटेसारखा कडक, तपकिरी मोतीबिंदू एसआयसीएसने (फेकोऐवजी हाताने, मोठ्या छेदातून) काढताना ६-७ मिमीचा बोगदा आणि कॉटरी (रक्त थांबवण्यासाठी डागणं) लागते. डोळा पूर्ण स्थिर हवा असतो, तिथे तो काम करतो. २ टक्के लिग्नोकेन आणि ०.५ टक्के ब्युपिव्हाकेन निम्मे-निम्मे, त्यात औषध पसरवणारं हायल्युरोनिडेज, एकूण ५ ते ७ मिली, २५ मिमीपेक्षा लांब नसलेली सुई. नजर समोर. ‘वर आणि नाकाकडे बघा’ ही जुनी सूचना सोडून द्यावी, कारण त्याने दृष्टीची नस सुईच्या वाटेत येते. हायल्युरोनिडेज वगळलं तर औषध एकाच जागी साचतं, स्नायूला इजा होते आणि नंतर रुग्णाला एकाच्या दोन गोष्टी दिसू लागतात. औषध टोचल्यावर डोळा झपाट्याने पुढे येऊन दगडासारखा कडक झाला, तर मागे रक्तस्राव झाला असं समजून आधी दाब कमी करावा. शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवसावर ढकलण्यात कमीपणा नाही.

सुई हातात घेण्याआधी बायोमेट्रीच्या (डोळ्याच्या मोजमापाच्या) कागदावर डोळ्याची लांबी पाहणं ही सवयच हवी. २६ मिमीच्या पुढे डोळा लांब आणि भिंत पातळ असते. जाड उणे नंबरच्या चष्म्याचे रुग्ण हेच. त्यांच्यासाठी थेंब किंवा सब-टेनन. सुई त्याहून खोल घालणारा रेट्रोबल्बर ब्लॉक आम्ही या काळात वापरला नाही. साध्या मोतीबिंदूसाठी त्याची गरज उरलेली नाही.

घरी जातानाचा फरक लोक विचारात घेत नाहीत. थेंबांच्या रुग्णाला सहसा पट्टी लागत नाही, काळा चष्मा लावून तो सोबत्याबरोबर निघतो. ब्लॉकनंतर पापणी काही तास नीट मिटत नाही, त्यामुळे कॉर्निया सुकू नये म्हणून पट्टी सकाळपर्यंत राहते. एकच डोळा चांगला असलेल्या आजींना अशा वेळी संध्याकाळच्या गर्दीत बदलापूर लोकलमध्ये चढवायचं म्हणजे धोका. त्यांची वेळ सकाळची ठेवावी आणि सोबत कोण येणार हे तारीख देतानाच विचारावं. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असलेल्या काकांनीही ते त्याच वेळी सांगावं. त्या गोळीने बुबुळाचा पडदा ढिला पडून शस्त्रक्रिया लांबते आणि पंधरा मिनिटांचे थेंब तिथे अपुरे पडतात.