‘रनिंग फक्त ३१ हजार’: जुनी ऑटोमॅटिक, वर्षभर वापरल्यावर

‘डॉक्टरांची गाडी, सिंगल हँड, शोरूम मेंटेन, रनिंग फक्त ३१ हजार.’ पुण्यात अशी जाहिरात सकाळी टाकली की गाडी संध्याकाळपर्यंत जाते. मी घेतलेली ही २०१३ ची पेट्रोल, चार गिअरची टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक, म्हणजे जिच्यात इंजिनाची ताकद क्लचऐवजी ऑइलमधून गिअरबॉक्सला जाते. त्याच वर्षाची, त्याच मॉडेलची, पण ऐंशी-नव्वद हजार चाललेली गाडी एजंटाकडेच शेजारी उभी होती. तिच्यापेक्षा हिचे साठ हजार रुपये जास्त, आणि ते निव्वळ त्या ३१ च्या आकड्याचे. गाडी कोणती ते मुद्दाम सांगत नाही. तक्रार कंपनीबद्दल नाही, त्या आकड्याबद्दल आहे. बूट, सीट, टचस्क्रीन यावर वाचायचं असेल तर इथे काही मिळणार नाही.

आकडा खरा आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण मीटर फिरवल्याची शंका सगळ्यांनाच येते. ब्रेक पेडलचं रबर झिजलेलं नाही, स्टिअरिंग गुळगुळीत झालेलं नाही, ड्रायव्हर सीटची कड दबलेली नाही. टायरसुद्धा मूळचेच. कडेवर २६१३ छापलंय, म्हणजे २०१३ च्या सव्विसाव्या आठवड्यात बनलेले. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर टणक झालेलं आणि बाजूला केसाएवढ्या भेगा. चारही टायर पहिल्याच आठवड्यात बदलले. ‘कमी रनिंग’ची पहिली पावती ती.

आता मुख्य दुखणं. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला नुकत्याच नव्या, फिकट रंगाच्या फरश्या बसल्यात. पंधरा दिवसांत माझ्या गाडीखाली त्यावर डाग पडला. सेक्रेटरींनी फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली हात जोडलेली खूण. तेव्हापासून गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा असतो. बायको म्हणते, मी पेपर वाचायच्या आधी पुठ्ठा वाचतो. वाचतोच. गाडी विकत घ्यायला जाताना मेकॅनिक नेता आला नाही तरी चालेल, पण पुठ्ठा न्या, आणि गाडी रात्रभर त्यावर उभी करायला सांगा. काळपट डाग असेल तर इंजिन ऑइल. लालसर किंवा तपकिरी-लाल असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. हिरवा किंवा गुलाबी चिकट डाग कूलंटचा. स्वच्छ पाणी असेल तर एसीचं, निवांत झोपा. माझ्या पुठ्ठ्यावर काळा होता, आणि त्याच्या बाजूला जरा बारीक लाल.

लाल डाग परवडला. गिअरबॉक्सच्या चेंबरचं पॅकिंग होतं, ते बाहेरूनच बदलता येतं. काळा डाग मात्र क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, मागच्या ऑइल सीलचा. ते सील बसतं इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. सील काही शे रुपयांचं, पण तिथपर्यंत पोहोचायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सर्व्हिस सेंटरने मजुरीचा आकडा सांगितला तेव्हा मी सील पुन्हा एकदा हातात घेऊन पाहिलं. अंगठीचा डबा असतो तेवढंही वजन नाही.

तेवढ्यावर भागतं तर बरं होतं. सकाळी पहिल्यांदा D (पुढे जायचा गिअर) टाकला की गाडी क्षणभर विचार करायची, मग ठक्क करून निघायची. चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना अंगात हीव भरल्यासारखी थरथरायची. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, "सर, गिअरबॉक्स असेंब्लीच बदलावी लागेल." खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या आसपास. मी विचारलं, आधी गिअरबॉक्सचं ऑइल बदलून बघूया का? तर म्हणे ते लाइफटाइम असतं, बदलायचं नसतं.

मी गाडीचं मॅन्युअल घेऊन पुन्हा गेलो. त्यात सर्व्हिसचे दोन तक्ते असतात, एक नेहमीच्या वापराचा आणि एक खडतर वापराचा. खडतर वापर म्हणजे काय, तर कमी अंतराच्या फेऱ्या, सतत थांबत-चालत जाणं, धूळ, उष्ण हवा, डोंगराळ रस्ता. हे वर्णन वाचून वाटलं, लिहिणारा कर्वे रोडवर राहत असावा. खडतर वापराच्या तक्त्यात गिअरबॉक्स ऑइल बदलायचं अंतर स्पष्ट छापलं होतं. अॅडव्हायझरनी ते पान वाचलं, मॅनेजरना दाखवलं, आणि दोघांनी मिळून मला सांगितलं की आमच्या सिस्टिममध्ये तसं जॉब कार्डच बनत नाही. तिथून बाहेर पडलो तो परत गेलो नाही.

आता सर्व्हिस बुकाकडे येतो, कारण सगळं रहस्य तिथे होतं आणि ते ‘शोरूम मेंटेन’ या दोन शब्दांनी झाकलं होतं. शिक्के सगळे आहेत. सुरुवातीच्या फ्री सर्व्हिसचे, मग १० हजारांचा, २० हजारांचा, ३० हजारांचा. डॉक्टरांची काहीच चूक नाही, दर १० हजारांना गाडी नेमाने गेली. पण ३१ हजार किलोमीटर १२ वर्षांत, म्हणजे वर्षाला २६०० च्या आसपास. १० हजार व्हायला जवळजवळ चार वर्षं! इंजिन ऑइल चार-चार वर्षं तेच. पुस्तकात ‘१० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. त्यातलं ‘जे आधी होईल ते’ आपल्याकडे कोणी वाचत नाही. कमी चालणाऱ्या गाडीचं तर अजिबातच नाही, कारण ‘चाललीच कुठे आहे गाडी?’

डॉक्टरांचा दवाखाना घरापासून दोन किलोमीटरवर. सकाळी जाणं-येणं, संध्याकाळी जाणं-येणं. इंजिनासाठी हे अंतर सर्वांत वाईट. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून निघून जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांमधून खाली ऑइलमध्ये उतरते. सोबत न जळलेलं पेट्रोलही. इंजिन नीट तापून थोडा वेळ तसंच चाललं तर हे दोन्ही उडून जातं. दोन किलोमीटरमध्ये कूलंटचा काटा जेमतेम हलतो, ऑइल तर त्याच्याही मागे असतं. मग पाणी तिथेच मुरतं, ऑइलमधली गंज आणि आम्ल रोखणारी रसायनं संपतात, रिंगांच्या खाचांत काजळी धरते. शिवाय थंड इंजिन सुरू होतानाच झीज जास्त होते, कारण ऑइलचा पातळ थर सगळीकडे पोहोचायला वेळ लागतो आणि मिश्रणात पेट्रोल जास्त असतं.

माझ्या मेव्हण्याची टुरिस्ट गाडी आहे, २०१९ ची डिझेल सेडान, २ लाख ९० हजार झालेली. पुणे-मुंबई, पुणे-कोल्हापूर, शिर्डी. मी हा पुठ्ठा एका रात्री त्याच्या गाडीखाली सरकवला. सकाळी कोरडा. एक थेंब नाही! मी वर बघितलं तर तो चहा घेऊन उभा. म्हणाला, "दाजी, माझं इंजिन थंड व्हायला सवडच कुठे मिळते?"

यावर मी बराच हिशोब केला. गावाकडे ट्रॅक्टर घेताना कोणी किलोमीटर विचारत नाही, तास विचारतात, मीटरच तासांचं असतं. तेच गाडीला लावून बघा. डॉक्टरांची गाडी शहरात ताशी १५-१६ च्या सरासरीने धरली तर ३१ हजार म्हणजे सुमारे दोन हजार तास. मेव्हण्याची ताशी ५० ने धरली तर पावणेसहा-सहा हजार तास. किलोमीटर नऊपटीहून जास्त, पण इंजिन फिरलं तिप्पटच. आणि स्टार्ट? दिवसाला चार, वर्षाचे ३०० दिवस, १२ वर्षं: चौदा हजारांच्या वर, त्यातले बरेचसे थंड. मेव्हण्याचे सगळे मिळून कमी भरतील आणि त्यातला थंड स्टार्ट पहाटेचा एखादाच. एजंटाला हे समजावून सांगायला गेलो तर तो म्हणाला, "साहेब, गिऱ्हाईक मीटर बघतं." दिल्लीत याच्या उलट: राष्ट्रीय हरित लवादाने १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना तिथल्या रस्त्यावर बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, पुढे त्यावर बराच खल झाला. तिथे कायद्याने वय धरलं, आपल्या बाजाराने किलोमीटर. गाडी वापरली कशी, हा रकाना दोन्हीकडे नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि शेवट ‘गाडी विकणे आहे’ असा करणार होतो. पण त्यानंतर दोन गोष्टी झाल्या, म्हणून पुढचं वेगळं आहे.

पहिली: ओळखीच्या फिटरने टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उघडलं. पॅकिंग कडक होऊन तिथूनही ओल येत होती. आत काळा गाळ निघेल अशी मनाची तयारी केली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट-पांढरा सायीसारखा थर होता, तो पाण्याचा. पण कॅमशाफ्टवर (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर) बोट फिरवलं तर आरशासारखा. कुठे ओरखडा नाही, कुठे खड्डा नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चारही सिलिंडरला जवळजवळ सारखं. फिटर म्हणाला, "साहेब, लोखंड नवंच आहे हो. रबर आणि तेल तेवढं मेलंय." म्हणजे त्या ३१ हजारांत काही खोटं नव्हतं. आकडा धातूबद्दल खरं सांगत होता. सील, पॅकिंग, होस पाइप, माउंटिंग यांच्याबद्दल गप्प होता, आणि माझे पैसे नेमके तिथे जात होते.

दुसरी: गिअरबॉक्स. फिटरने प्रेशर मशीनने फ्लश करायला, म्हणजे जोराने आतून धुवायला, साफ नकार दिला. जुन्या गिअरबॉक्समधला साचलेला गाळ जोराने हलला तर व्हॉल्व्ह बॉडीच्या (गिअर बदलायला ऑइल वळवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांमध्ये जाऊन बसतो, असं त्याचं म्हणणं, आणि मला ते पटतं. नुसता बोल्ट काढला तर सगळं ऑइल निघत नाही, मोठा हिस्सा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतो. म्हणून कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं ऑइल भरायचं, काही आठवडे चालवायची, पुन्हा काढून भरायचं, असं टप्प्याटप्प्याने केलं. पहिल्यांदा निघालेलं ऑइल कॉफीच्या रंगाचं आणि करपल्याचा वास. फार भयंकर नाही, चेंबरच्या चुंबकावर बारीक काळी पूड होती, चकाकते तुकडे नव्हते. तुकडे असते तर गोष्ट तिथेच संपली असती.

थरथर गेली. पूर्ण गेली. दीड लाखाचं काम काही हजारांत झालं. सकाळची ती ठक्क मात्र आहे, कमी झाली पण आहे. आतली रबरी सीलं वयाने आखडली की दाब धरायला वेळ लागतो, नवं ऑइल त्यांना तरुण करत नाही. मी आता D टाकून दोन सेकंद थांबतो आणि मगच ब्रेक सोडतो. घाटात ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वांत वरचा गिअर, बंद ठेवतो. त्याने गिअर सारखे वर-खाली होत नाहीत आणि ऑइल कमी तापतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑइलचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा ढोबळ नियम लक्षात ठेवा आणि रविवारी संध्याकाळी बोरघाटात अडकलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांकडे बघा.

कोकणात जाऊन-येऊन इंजिनातही फरक पडला. लांब, एकसारखं तापून चाललं की पिकअप मोकळा झाला, अॅव्हरेज शहरात ९ च्या पुढे जात नव्हतं ते हायवेला १४ दाखवलं. झाकणाखालची साय गेली. आता ऑइल दर सहा महिन्यांनी बदलतो, मीटर काहीही म्हणो, आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी सासवडकडे नेऊन आणतो. ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलबद्दल कुरकुर आहेच. २०१३ च्या गाडीचे रबरी भाग त्यासाठी बनलेले नाहीत, आणि पंपावर फारशी निवड उरलेली नाही. इंधनाचे पाइप आधीच बदलून टाकले. कूलंट, ब्रेक ऑइल, पंख्याचा बेल्ट हेही. ज्यांच्या इंजिनाला टायमिंग चेन नसून बेल्ट आहे त्यांनी कमी रनिंगकडे न बघता वर्षं मोजावीत. तो तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भेटू शकतात.

मागचं क्रँक सील? तसंच आहे. महिन्याला डीपस्टिकवर (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर) फरक कळत नाही इतकं थोडं गळतं, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवायला माझा हात धजत नाही. कधी दुसऱ्या कारणाने उतरला तर तेव्हा बदलेन. सेक्रेटरींना तसं कळवलंय. त्यांनी हात जोडलेली खूण पुन्हा पाठवली.

मग जास्त चाललेलीच घ्यावी का? सरसकट नाही. मेव्हण्याच्या गाडीचं इंजिन उघडलेलं नसलं तरी क्लच प्लेट-प्रेशर प्लेटचा सेट एकदा झालाय, सस्पेन्शन खडखडतं, इंजेक्टर आणि टर्बो आता कधीही खर्च काढू शकतात, आणि ड्रायव्हर सीटवर मेव्हण्याचा कायमचा ठसा उमटलाय. पण त्याच्याकडे प्रत्येक ऑइल बदलाची पावती आहे. आमच्या धाकट्या भावाला रोज सातारा-कराड करायला गाडी हवीय आणि मेव्हणा ती विकतोय. टुरिस्टची प्रायव्हेट पासिंग करायचा, म्हणजे टॅक्सीची नोंदणी खासगी करायचा, टॅक्स कोणी भरायचा यावरून बोलणी अडली आहेत. तो साडेतीन म्हणतो, मी भावाच्या वतीने टॅक्स धरून तीनवर बसलोय, आणि बायको माझ्या बाजूने नाही.