हलत्या देखाव्यासाठी एमजी९९६आर सर्वो मोटर: मान वळवते, ओझे पेलत नाही

दिवाळीच्या रोषणाईत घरी केलेल्या हलत्या आकृत्या बसवू पाहणारा माणूस फिरून फिरून एमजी९९६आर या सर्वो मोटरीपाशी, म्हणजे संकेताने सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या मोटरीपाशी, येतो, कारण ती सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांच्या दुकानांत आणि ऑनलाइनही सहज मिळते, तिचे गिअर धातूचे असतात आणि किंमत शाळकरी मुलांच्या प्रकल्पालाही परवडेल अशी असते. नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या अंगणात यंदा दिव्यांच्या माळांमध्ये तीन आकृत्या होत्या: टाळ वाजवणारा वारकरी, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे मान वळवणारी पणतीवाली मुलगी आणि डोके डोलावणारा लाकडी नंदी. पहिल्या दोन्ही आकृत्या याच मोटरीवर चालल्या आणि उत्तम चालल्या. नंदीसाठी मात्र मी ती घेतली नाही, आणि इतरांनीही अशा कामासाठी ती घेऊ नये असे माझे मत आहे.

मोटरीच्या तपशीलपत्रकावर टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, ४.८ व्होल्टला ९.४ किलो-सेंटिमीटर आणि ६ व्होल्टला ११ किलो-सेंटिमीटर असा छापलेला असतो. हा आकडा वाचून ही मोटर नऊ-दहा किलो वजन उचलते असा समज करून घेणारे अनेक जण भेटतात. वास्तविक ही ताकद आसापासून एक सेंटिमीटर अंतरावरची असते; दहा सेंटिमीटरवर ती जेमतेम एक किलोच्या आसपास उरते, आणि तीही मोटर जागच्या जागी अडून थांबते त्या क्षणाची असते. रोज संध्याकाळी तास-दोन तास अखंड चालायचे असेल तर छापील आकड्याचा एक तृतीयांश भागच आपला मानावा. वारकऱ्याच्या हाताचा हिशेब याच आधाराने केला होता: तीस सेंटिमीटर लांब आणि दोनशे ग्रॅम वजनाचा हात आडवा धरला, तर त्याचा भार मधोमध, म्हणजे खांद्यापासून पंधरा सेंटिमीटरवर पडतो आणि तीन किलो-सेंटिमीटर टॉर्क लागतो. मोटरीच्या आवाक्यात हे बरोबर बसते, परंतु हात कागदाच्या लगद्याचा आणि आतून पोकळ असेल तरच. मूर्तिकारांच्या चितारओळीत गणपतीच्या दिवसांत मातीच्या भरीव मूर्ती पाहून कोणाला तसाच भरीव हात घडवण्याचा मोह झाला, तर त्या मोटरीचे आयुष्य एका संध्याकाळीच संपेल. टाळही पितळी न घेता पुठ्ठ्याचे करून सोनेरी रंगवले; आवाज ध्वनिमुद्रित भजनातून आला आणि फरक कोणाच्या लक्षात आला नाही.

मान वळवण्याचे काम या मोटरीला याहून सोपे जाते, कारण त्यात वजन उचलायचे नसते, फक्त फिरवायचे असते. मात्र डोके थेट मोटरीच्या दांड्यावर टेकवू नये. डोक्याचा भार खालच्या एका स्वस्त बेअरिंगवर ठेवावा आणि मोटरीने त्याला केवळ वळवावे. अशा रचनेत मोटर गरम होत नाही. सोबत येणारा प्लास्टिकचा हॉर्न, म्हणजे दांड्यावर बसणारी छोटी पट्टी, आतल्या पंचवीस दात्यांवर लवकर झिजतो. त्याऐवजी ॲल्युमिनियमचा घ्यावा, पैसे थोडेच जास्त पडतात.

या मोटरीचा खरा दोष तिच्या वेगात आहे. ६ व्होल्टला ती साठ अंशांचे अंतर अवघ्या ०.१४ सेकंदात कापते. रोबोटसाठी हा गुण असेल, पण पणती घेतलेली मुलगी अशी झटक्यात मान फिरवू लागली की लहान मुले हसतात आणि म्हातारी माणसे दचकतात. म्हणून मोटरीला संकेत देणाऱ्या आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या प्रोग्रामात हालचालीचे लहान लहान टप्पे पाडावे लागतात, तेही असे की सुरुवातीला आणि शेवटी गती मंद राहील आणि मध्ये थोडी वाढेल. पीसीए९६८५ हे सोळा मोटरी सांभाळणारे ड्रायव्हर बोर्ड वापरल्यास हे काम नीट जमते. सर्वोला सेकंदाला पन्नास वेळा संकेत जातो आणि त्या वीस मिलिसेकंदांचे हा बोर्ड ४०९६ भाग करतो. संकेत किती वेळ टिकतो त्यावर मोटरीचा कोन ठरतो; एक ते दोन मिलिसेकंद या नेहमीच्या पट्ट्यात त्यामुळे सुमारे २०५ पायऱ्या मिळतात. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला त्या पायऱ्या दिसत नाहीत. मुलीने एका बाजूहून दुसऱ्या बाजूला पाहायला तीन सेकंद घ्यावेत आणि मग क्षणभर थांबावे. या थांबण्यामुळेच आकृती जिवंत वाटते.

विजेच्या बाबतीत कंजुषी करू नये. एक मोटर अडली तर अडीच अँपिअरपर्यंत वीज ओढते, त्यामुळे आर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनेवरून ती चालवण्याचा विचारही करू नये. चार मोटरींसाठी पाच व्होल्ट, दहा अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरातल्या विजेचे व्होल्टेज उतरवून देणारा डबा, पुरतो. प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येणाऱ्या पिक्सेल एलईडीच्या माळा हाच व्होल्टेज घेत असल्या तरी त्यांना वेगळा एसएमपीएस द्यावा, कारण पूर्ण पांढऱ्या उजेडात एकेक पिक्सेल ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो आणि माळ उजळली की त्याच क्षणी वारकऱ्याचा हात थरथरू लागतो. दोन्हींची ग्राउंडची तार मात्र एकत्र जोडलेली हवी. नागपुरात दिवाळीपर्यंत पाऊस ओसरलेला असतो, तरी पहाटे दव पडते. २३० व्होल्टचा भाग बंद डब्यात ठेवून अंगणातल्या जोडणीला विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच बसवणे हे टाळण्यासारखे काम नव्हे.

आता नंदी. तान्ह्या पोळ्याला मुले मिरवतात तसा, पण कमरेएवढ्या उंचीचा आणि सागवानी डोक्याचा हा बैल या मोटरीच्या ताकदीपलीकडचा आहे. त्यासाठी जुन्या गाडीच्या सुट्या भागांतून मिळणारी वायपर मोटर कितीतरी सरस ठरते. ती १२ व्होल्टवर चालते, आतल्या वर्म गिअरमुळे वीज गेली तरी डोके खाली कोसळत नाही, आणि पावसात काचेवर दिवसभर चालण्यासाठीच ती बनलेली असल्याने संध्याकाळच्या दोन तासांचे तिला काहीच वाटत नाही. तिच्या आसावर तीन सेंटिमीटरची क्रँक आणि मानेच्या बिजागरीपासून नऊ सेंटिमीटरवर जोडदांडी लावली की डोके साधारण चाळीस अंशांत वरखाली होते. पूर्ण व्होल्टेजवर बैल फारच उतावीळ वाटतो, म्हणून स्पीड कंट्रोलर लावून वेग निम्म्याहून कमी करावा. क्रँकभोवती जाळी हवीच, कारण हलता नंदी दिसला की प्रत्येक मूल त्याच्या गळ्याला हात लावायला जाते. वायपर मोटरीला मान नेमक्या कोणत्या कोनात थांबवायची हे सांगता येत नाही, पण बैलाकडून तशी अपेक्षाही नसते.

एमजी९९६आरबद्दल एक तक्रार राहतेच. या नावाने विकल्या जाणाऱ्या मोटरी एकसारख्या नसतात. काहींच्या फिरण्याचा कोन कमी भरतो, काही स्थिर असतानाही कुरकुरत थरथरतात. थरथर थांबवण्यासाठी हालचाल संपताच संकेत बंद करण्याचा उपाय हलक्या आकृतीत चालतो, भार तोलून धरणाऱ्या हातात चालत नाही. शक्य असेल तर दुकानातच सर्वो टेस्टरवर दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावी आणि लागतील त्यापेक्षा एक-दोन जास्त घ्याव्यात. डोळे मिचकावण्यासारख्या हालचालींना ही ५५ ग्रॅमची मोटरसुद्धा मोठी पडते. तिथे नऊ ग्रॅमची एसजी९० ही छोटी सर्वो पुरते. मान, मनगट आणि हलका हात यांसाठी मी एमजी९९६आरला पाचपैकी चार गुण देईन, आणि लाकडी नंदीसाठी एकही नाही.