ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के क्रीम : चौदा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

सोलापुरात गेली वीस वर्षे मी दुचाकीवरून शाळेत जाते आणि शाळेतील माझी बसण्याची जागा खिडकीलगत आहे. उन्हे उजव्या हाताला येतात. चौदा महिन्यांपूर्वी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, गालावरच्या वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा माझ्या उजव्या डोळ्याच्या कडेच्या सुरकुत्या डाव्या बाजूपेक्षा ठळक आहेत, ही गोष्ट त्यांनी आरसा हातात देऊन मला दाखवली. उन्हातील अतिनील किरणांपैकी यूव्हीबी किरण खिडकीची काच बऱ्याच अंशी अडवते. परंतु त्वचेच्या खोल थरापर्यंत जाऊन तेथील कोलेजन (त्वचा घट्ट ठेवणारे प्रथिन) मोडणारे यूव्हीए किरण काचेतूनही आत येतात. अमेरिकेत २८ वर्षे ट्रक चालवलेल्या एका ६९ वर्षांच्या चालकाचे छायाचित्र २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. खिडकीकडचा अर्धा चेहरा दुसऱ्या अर्ध्यापेक्षा कितीतरी म्हातारा दिसणारे ते छायाचित्र डॉक्टरांनी मला दाखवले आणि चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहिल्या : सकाळी सनस्क्रीन, रात्री ट्रेटिनॉइन.

ट्रेटिनॉइन हे अ जीवनसत्त्वापासून मिळणारे आम्ल आहे. मुरुमांवरील औषध म्हणून ते १९७० च्या दशकाच्या आरंभापासून वापरात आहे. मुरुमांसाठी ते लावणाऱ्या प्रौढ स्त्रियांची त्वचा अधिक नितळ होत असल्याचे लक्षात आल्यावर त्या दिशेने संशोधन झाले आणि १९९५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारीक सुरकुत्यांसाठीही त्याला मान्यता दिली. ते पेशींना नवे कोलेजन तयार करण्यास प्रवृत्त करते आणि असलेले कोलेजन तोडणाऱ्या विकरांना आवर घालते. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मिळणाऱ्या रेटिनॉल सिरममधील घटकाचे त्वचेत टप्प्याटप्प्याने याच आम्लात रूपांतर व्हावे लागते. म्हणून ते सौम्य असते आणि त्याचा परिणामही तितकाच मंद असतो. याआधी दोन वर्षे मी ‘कोलेजनयुक्त’ म्हणून विकली जाणारी एक महागडी क्रीम वापरली होती. त्वचा मऊ राहण्यापलीकडे तिचा उपयोग झाला नाही, आणि तो होणे शक्यही नव्हते, कारण कोलेजनचा रेणू त्वचेतून आत शिरण्याच्या मानाने फार मोठा असतो.

पहिले दोन महिने कठीण गेले, हे स्पष्टपणे लिहायला हवे. आठवड्यातून दोनच रात्री, संपूर्ण चेहऱ्यासाठी वाटाण्याएवढी क्रीम, तीही चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, असे मला सांगितले होते. दुसऱ्या आठवड्यात काहीच त्रास नाही असे पाहून मी ती रोज रात्री लावू लागले आणि पाचव्या दिवशी नाकपुड्यांच्या व ओठांच्या कडेची साल निघू लागली, साध्या पाण्यानेही चेहरा चुरचुरू लागला. सोलापूरच्या डिसेंबरातील कोरड्या हवेने त्यात भर घातली. आठवडाभर क्रीम बंद ठेवून फक्त मॉइश्चरायझर लावले, आणि त्यानंतर आधी मॉइश्चरायझर, मग क्रीम, पुन्हा वरून मॉइश्चरायझर असा क्रम ठेवला. नाकपुड्यांच्या व ओठांच्या कडांना आणि पापण्यांना आधी थोडे व्हॅसलीन लावून ठेवल्याने तेथे पुन्हा त्रास झाला नाही. आता चार रात्री लावते. त्याहून वाढवण्याची मला गरज वाटत नाही.

फरक कधी दिसला? तिसऱ्या महिन्याअखेर त्वचेचा खरबरीतपणा गेला. डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा पुसट झाल्याचे सातव्या-आठव्या महिन्यात जाणवले. एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, दरमहा काढलेली छायाचित्रे शेजारी ठेवल्यावर त्याची खात्री पटली. वांग बराच फिका झाला आहे. कपाळावरच्या खोल आठ्या मात्र होत्या तशाच आहेत, कारण त्या स्नायूंच्या हालचालीने पडतात आणि तेथपर्यंत कोणत्याही क्रीमचा हात पोहोचत नाही. मी दहा वर्षांनी तरुण दिसू लागले नाही. चेहरा थकलेला दिसत नाही, एवढे निश्चित म्हणता येईल, आणि माझ्या दृष्टीने ते पुष्कळ आहे.

२० ग्रॅमची पहिली ट्यूब मला पाच महिने पुरली. खरा खर्च आहे तो सनस्क्रीनचा. तर्जनी आणि मधले बोट या दोन्हींवर पूर्ण लांबीची रेघ ओढून येईल तेवढे सनस्क्रीन चेहऱ्याला व मानेला लावायचे म्हटले, तर ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही. तरीही दोहोंपैकी एकच परवडत असेल, तर मी सनस्क्रीन निवडण्यास सांगेन. ऑस्ट्रेलियात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचे वार्धक्य मर्जीनुसार लावणाऱ्या गटापेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळले होते. एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीनवरील संरक्षणाचा आकडा, ३० आणि ५० यांतील फरक फार मोठा नाही; पुरेसे लावणे अधिक महत्त्वाचे. मात्र एसपीएफ हा आकडा मुख्यतः यूव्हीबीपुरता असल्याने ट्यूबवरील, यूव्हीएपासूनचे संरक्षण दाखवणाऱ्या ‘पीए’ या अक्षरांसमोरची अधिकची (+) चिन्हेही मोजून घ्यावीत. वांग असणाऱ्यांनी आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घ्यावे. दृश्य प्रकाशानेही वांग गडद होतो आणि पांढरे सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही.

एका अनुभवाविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. दुसरी ट्यूब घ्यायला गेले असता एका औषध विक्रेत्याने चिठ्ठी न पाहताच, “ताई, त्यापेक्षा ही घ्या, आठ दिवसांत चेहरा उजळेल,” असे म्हणून ट्रेटिनॉइनबरोबर हायड्रोक्विनोन हे रंग फिका करणारे औषध आणि स्टिरॉइड असलेली मिश्र क्रीम पुढे केली. पहिल्या काही दिवसांत तिने चेहरा उजळतोही. पण डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय महिनोनमहिने लावल्यास त्वचा पातळ होते, लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस उगवतात, आणि क्रीम थांबवताच चेहरा पेटतो. चेहऱ्यावर लावण्याच्या कोणत्याही ट्यूबवरील घटकांची नावे वाचावीत आणि मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल या स्टिरॉइडांपैकी एखादे नाव दिसले, तर डॉक्टरांनी ठरावीक मुदतीसाठी दिल्याखेरीज ती घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गर्भवती स्त्रियांनी आणि गर्भधारणेचा विचार असणाऱ्यांनी ट्रेटिनॉइन वापरू नये. माझी धाकटी बहीण माझा चेहरा पाहून तीच ट्यूब मागत होती. ती अजून अंगावर पाजते आहे, म्हणून तिला मी सनस्क्रीन घेऊन दिले आणि क्रीमसाठी आधी डॉक्टरांना विचारण्यास सांगितले.