छोटा हत्ती की पॅकर्स-मूव्हर्स?

भाडेकराराचे 11 महिने संपत आले, नवी जागा ठरली, की घरात पहिला वाद हाच होतो. बाबा म्हणतात, "टेम्पो सांग, दोन हमाल घे, झालं." बायको विचारते, "आणि खोकी कोण भरणार?" पुण्यातल्या पुण्यात मी चार वेळा बिऱ्हाड हलवलंय, दोनदा टेम्पोनं आणि दोनदा पॅकर्स-मूव्हर्स कंपनीकडून. माझ्या मते बायकोचा प्रश्नच खरा. पैशांचा हिशोब नंतर.

टेम्पो म्हणजे बहुतेक वेळा टाटा एस, आपला छोटा हत्ती. हौदा जेमतेम सात फुटांचा, भार पाऊण टनाच्या आसपास. एका खोलीचा संसार त्यात मावतो. वन बीएचकेत डबल बेड, कपाट आणि फ्रिज असेल तर दुसरी खेप धरूनच चाला, नाहीतर सरळ त्याहून मोठी गाडी, म्हणजे बोलेरो पिकअप किंवा टाटा चारशेसात सांगा. दोन खेपा म्हणजे सिंहगड रोडवरून दोनदा जाणं, आणि त्यात स्वस्ताईचा निम्मा आनंद विरतो. गाडीचं भाडं आणि हमाली वेगवेगळी विचारा, कारण हमाली मजल्यावर ठरते. पेठेतल्या बोळात मात्र छोटा हत्तीच बरा. कंपनीची मोठी गाडी कोपऱ्यावर थांबते आणि तिथून दारापर्यंतच्या चालीचेही पैसे लागतात.

पॅकर्सवाले आधी सामान बघून भाव देतात, हल्ली व्हिडिओ कॉलवरही. तेव्हा माळा आणि बाल्कनी दाखवायला विसरू नका. आम्ही विसरलो. गाडी भरत आल्यावर त्यांच्या माणसानं माळ्यावरच्या सामानाचे वरचे पैसे मागितले. अर्धं घर गाडीत असताना घासाघीस करायची ताकद कुणात असते? म्हणून भाव लेखी घ्या: सामानाची यादी, दोन्हीकडचे मजले, जीएसटी धरून की वेगळा, एसी काढणं-बसवणं त्यात आहे की नाही. एसीचं उत्तर बहुधा 'नाही' असतं.

आता बांधाबांध. कंपनीची माणसं दोन बीएचके दुपारपर्यंत गुंडाळतात, हा त्यांचा मोठा गुण. दोष असा, की ती भराभर भरतात. आमच्या अकरा खोक्यांवर नुसतं 'किचन' लिहिलं होतं आणि चहाची गाळणी तिसऱ्या दिवशी सापडली. स्वतः भरायचं तर ऑफिसनंतरच्या चार-पाच संध्याकाळी जातात, पण काय कुठे आहे ते डोक्यात राहतं. शिवाय मोडका मिक्सर आणि न होणारे कपडे नव्या घरी न जाता भंगारवाल्याकडे आणि बोहारणीकडे जातात. खोकी किराणा दुकानातून आणा. पुस्तकांना लहानच खोका घ्या, मोठा भरला तर हमालही हात लावत नाही. डाळी-तांदूळ डब्यांतच राहू द्या, झाकणावर टेप मारली की झालं. काचेच्या ताटल्या रद्दीत गुंडाळून आडव्या नको, उभ्या लावा. चादरी, उशा, जुन्या साड्या याच बबल रॅप.

मोडतोडीची भीती वाटणारे कंपनीकडे वळतात, कारण तिथे विमा मिळतो. टेम्पोत ओरखडा आला तर तो आपलाच. पण विम्यातली मेख कुणी आपणहून सांगत नाही: मालकानं स्वतः भरलेल्या खोक्यातल्या मोडतोडीची भरपाई सहसा मिळत नाही. म्हणजे 'खोकी मी भरतो, तुम्ही फक्त न्या' असं म्हणून पैसे वाचवलेत, तर त्या खोक्यांपुरता विमा जवळजवळ गेला. टीव्ही आणि काचेचं सामान त्यांनाच बांधू द्या आणि आधी फोटो काढा.

काही कामं दोन्हीकडे आपल्याच गळ्यात असतात. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून कोरडा करा आणि उभाच न्या. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा ड्रम बांधायचे ट्रान्झिट बोल्ट मशीन आलं तेव्हा कुठल्या खणात टाकलेत ते आत्ताच शोधा. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा (वॉचमनला नको): लिफ्ट सामानाला मिळेल का, रविवार चालतो का, शिफ्टिंगचे पैसे किती. महिनाअखेर टाळता आली तर टाळा, सगळ्यांचे करार तेव्हाच संपतात.

शहर बदलत असेल तर टेम्पोचा विचार सोडा. पुणे ते नागपूरसाठी कंपनीच, तीही स्वतंत्र गाडी घेऊन. 'शेअरिंग' स्वस्त पडतं, पण त्यात सामान वाटेत गोदामात उतरून दुसऱ्या गाडीत चढू शकतं आणि प्रत्येक चढउतार म्हणजे नवा टवका. बिल्टी, म्हणजे सामान ताब्यात घेतल्याची वाहतुकीची पावती, हातात आल्याशिवाय गाडी सोडू नका. गॅसचं सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून कनेक्शन बंद केल्याचं व्हाउचर घ्या, त्यावर नव्या गावी कनेक्शन मिळतं.

शहरातल्या शहरात, वन बीएचके, दोन्हीकडे लिफ्ट आणि हाताशी दोन तरणे मित्र असतील तर मी डोळे झाकून टेम्पो सांगेन. घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल, किंवा नवरा-बायको दोघंही रात्री नऊला घरी येत असतील, तर कंपनीला पैसे द्या आणि कुरकुर करू नका. आमच्या मागच्या खेपेला आम्ही मधला मार्ग काढला: बेड, कपाट, फ्रिज आणि काच कंपनीकडे, कपडे-भांडी-पुस्तकं आमची आम्ही. देव, दुधाची पिशवी, चहा-साखर आणि गाळणी आईच्या मांडीवर, रिक्षातून.