अभिलेख पटल : नांदेडात बसून वाचलेल्या गुप्त फायली

१९३८ मध्ये निजाम सरकारनं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली. त्या काळात कोणाकोणावर पाळत होती, हा माझ्या संशोधनाचा विषय. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर नाव नोंदवलं की इंग्रज सरकारच्या गृहखात्याच्या राजकीय शाखेच्या कितीतरी फायली घरबसल्या उघडतात. दिल्लीचं भाडं आणि राहण्याचा खर्च वाचतो, हे आमच्या भागातल्या पोरांसाठी फार मोठं आहे.

मुख्य अहवाल वाचून थांबू नका. खरा माल टिपणीच्या पानांवर असतो. एकाखाली एक शेरे, आद्याक्षरं, तारखा. काय दडवायचं हे कोणत्या टेबलावर ठरलं, ते तिथं उघडं पडतं. मला तर ती पानं सोडवत नाहीत.

‘नांदेड’ टाकून काही सापडलं नाही तर जुनं स्पेलिंग ‘नांदेर’ टाका. निजामाच्या दफ्तरातले उर्दू कागद मात्र हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात जाऊनच बघावेत. उर्दू शिकायला आत्ताच लागा. आजच्या गुप्तचर यंत्रणांच्या कागदांची वाट वेगळी आणि अवघड: भ्रष्टाचार व मानवी हक्कांचे मुद्दे वगळता माहिती अधिकाराच्या कलम २४ नं त्यांना सूट दिली आहे, आणि ती मला पटत नाही.

पाचपैकी पाच.