कवच आधी की लोको पायलटची झोप आणि डोळे आधी?

मालगाड्यांची टक्कर झाली की नाशिकरोडला चर्चा ठरलेली, कवच लावा, विषय संपला. एवढं सोपं नाहीये ते. कवच म्हणजे लाल सिग्नल मोडायला निघालात की आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा, लोको पायलट म्हणजे ड्रायव्हर पेंगत असला तरी. भारीच आहे. पण इंजिनात, ट्रॅकवर, स्टेशनात सगळीकडे बसवल्याशिवाय उपयोग नाही, म्हणजे पैसा आणि वर्षं दोन्ही जाणार.

ड्रायव्हरच्या फिटनेसचं काम मात्र आजपासून करता येतं. ड्युटीवर चढताना ब्रेथलायझरमध्ये फुंकायला लावतात, मेडिकलला रंगीत ठिपक्यांतला आकडा वाचायला लावतात, पण दारू पकडणारं मशीन झोप पकडत नाही ना! शेजारचे काका मालगाडीवर होते, रात्री दोनला कॉल यायचा, दिवसा घरात पाहुणे असले की झोप कुठली, आणि तसंच इगतपुरी ते मनमाड सिग्नल बघत जायचं.

२०१२ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या गुडवेलजवळ दोन मालगाड्या समोरासमोर धडकल्या, तिघे गेले. चौकशीत निघालं की एका ड्रायव्हरची नजरच अधू होती, सिग्नल ओळखूच आले नाहीत. आपोआप ब्रेकची यंत्रणा असती तर टक्कर टळली असती हेही त्याच चौकशीत आलं.

म्हणून कवच हवंच, पण तोवर मी रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक), रनिंग रूम (ड्युटीच्या मधे ड्रायव्हरने आराम करायची खोली) आणि डोळ्यांची कडक तपासणी यालाच आधी मत देईन. रुळावर पडलेली दरड कवचला दिसत नाही, आणि कसारा घाटात पावसाळ्यात तीच तर भीती असते.