क्लच प्लेट बसत नाही: कानस मारायची की परत करायची?

नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात माझा पिकअप गिअरबॉक्स उतरवून उभा. नवी क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या दातेरी शाफ्टवर चढायलाच तयार नाही. मिस्त्री म्हणाला, "शेठ, प्लेटच्या मधल्या दात्यांवर कानस मारतो, संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्यावर." दुसरा पर्याय म्हणजे प्लेट परत करून चासी नंबरवरून नवी मागवायची.

कानशीने वेळ वाचतो, बस्स. हातानं सगळे दाते सारखे घासले जात नाहीत. प्लेट शाफ्टवर तिरकी धरते, क्लच पुरता सुटत नाही आणि पहिला गिअर टाकताना कर्र आवाज येतो. मुंबईहून परतताना कसारा घाटाच्या चढावर हे झालं तर? शिवाय गिअरबॉक्स उतरवायची मजुरी पुन्हा आलीच.

परत करण्यात दोन दिवसांचं भाडं बुडतं. ऐन द्राक्षांच्या हंगामात ते टोचतंच. पण मी जुनी प्लेट नवीवर ठेवली. व्यास तंतोतंत सारखा. मग खडूने खूण करून हबचे, म्हणजे प्लेटच्या मधल्या भागाचे, दाते मोजले: जुनीला २१, नवीला २०. इथे कानस काय करणार, कपाळ? प्लेट परत केली.

दाते जुळत असते, तर मात्र मी परत करायची घाई केली नसती. शाफ्टवरचा गंज काढून, प्लेटची फ्लायव्हीलकडची (इंजिनाच्या जड चाकाकडची) बाजू तपासून पुन्हा चढवून पाहिली असती. क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलवर टेकत नसेल तर डॉवेल पिना, म्हणजे तिला नेमक्या जागी बसवणाऱ्या खुंट्या, बघाव्यात. बोल्ट आवळून ती ओढून बसवू नये, तिचं कव्हर वाकतं.